फिरती जाळी आणि जवळची वाट

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील बेशोर महामार्गावरून पावाच्या गाडीसारखी दिसणारी एक व्हॅन धावत होती. आत पाव नव्हते. संगणक आणि रेडिओ यंत्रे होती, आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे संशोधक त्यांच्याजवळ बसले होते. त्या व्हॅनमधून निघालेली माहिती प्रथम रेडिओच्या जाळ्यातून गेली, तेथून अर्पानेट या जमिनीवरील जाळ्यात शिरली, उपग्रहामार्फत नॉर्वे आणि इंग्लंडपर्यंत जाऊन परत अमेरिकेत आली आणि शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या एका संगणकात पोहोचली. तीन वेगवेगळ्या प्रकारची जाळी एकाच नियमावलीने जोडता येतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. इंटरनेटच्या इतिहासात या प्रयोगाला फार मोठे स्थान आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट काह्न यांची नावे त्या नियमावलीशी कायमची जोडली गेली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इंटरनेटची ही पहिली मोठी परीक्षा चालत्या वाहनातून झाली होती. म्हणजे हालचाल ही या तंत्राला नंतर चिकटलेली हौस नव्हे, ती जन्मापासूनची आहे. असे असूनही, चालत्या वाहनातील संगणकांचे संपूर्ण जाळे इंटरनेटला जोडलेले ठेवायचे आणि त्याची माहिती उगाच लांबच्या वाटेने फिरू द्यायची नाही, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे तज्ज्ञांना छळत राहिला. तो का अवघड आहे, त्यावर कोणते उपाय निघाले आणि त्यांतले कोणते टिकले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

पत्ता म्हणजे माणूस की ठिकाण?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. पाठवायची माहिती लहान लहान तुकड्यांत विभागली जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. वाटेतील राउटर नावाची यंत्रे घेणाऱ्याचा पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतात. जगातल्या प्रत्येक यंत्राची वाट प्रत्येक राउटरने पाठ करायची म्हटली तर त्याची स्मरणशक्ती पुरणार नाही. म्हणून राउटर पत्त्याचा फक्त सुरुवातीचा भाग पाहतो. त्याला प्रीफिक्स म्हणतात.

आपल्या पिनकोडची रीत अशीच आहे. कलकत्त्याच्या टपाल कार्यालयात पाकिटावरील पिनकोडचा पहिला आकडा ४ दिसला की ते आपल्या पश्चिम भागाकडे रवाना होते. ते ४१५६०५ म्हणजे चिपळूणचे आहे, हे कलकत्त्याच्या माणसाला ठाऊक असण्याची गरज नसते. हे सर्व सुरळीत चालते, कारण चिपळूण जागचे हलत नाही. उद्या अख्खे चिपळूण उचलून नागपूरशेजारी नेऊन ठेवले आणि पिनकोड मात्र तोच ठेवला, तर टपाल कोकणात जाऊन बेवारस पडेल. इंटरनेटमध्ये नेमका हाच पेच आहे. पत्ता एकाच वेळी दोन कामे करतो. हे यंत्र कोणते, हेही तोच सांगतो आणि ते कोठे आहे, हेही तोच सांगतो. यंत्र जागेवर बसलेले असेपर्यंत या दोन कामांत भांडण होत नाही, ते हलले की होते.

यंत्राने जागा बदलून नव्या जागेचा पत्ता घेतला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. दोन यंत्रांमधला चालू संवाद हा दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक या चार आकड्यांवर ओळखला जातो. त्यांतला एक बदलला की पलीकडचे यंत्र म्हणते, मी तुम्हाला ओळखत नाही. चालू असलेला कॉल तुटतो, अर्धवट उतरवलेली फाईल पडते. रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या हृदयाचा आलेख दवाखान्यातील डॉक्टरांना जात असेल तर तोही मधेच थांबतो. यंत्राने पत्ता बदलला तरी पंचाईत, न बदलला तरी पंचाईत.

यावर काढलेला उपाय मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्या कोणालाही नवा वाटणार नाही. कोकणातून आलेला कामगार खोल्या बदलत असे. आज या चाळीत, उद्या त्या गाळ्यात. तो सर्वांना गावचाच पत्ता देई, आणि नवी खोली घेतली की गावी भावाला कळवी की, सध्या अमक्याच्या मार्फत पत्र पाठव. गावी आलेले पत्र भाऊ दुसऱ्या पाकिटात घालून मुंबईला धाडी. ऑक्टोबर १९९६ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली आरएफसी २००२ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेला मोबाईल आयपीचा नियम म्हणजे हीच व्यवस्था होय. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज.) यंत्राला एक कायमचा घरचा पत्ता असतो आणि जाईल तेथे एक तात्पुरता 'मार्फत'चा पत्ता मिळतो. भावाचे काम करणाऱ्या राउटरला होम एजंट म्हणतात. पाकिटात पाकीट घालण्याच्या क्रियेला टनेल म्हणजे बोगदा म्हणतात. एका टोकाला शिरलेले पॅकेट मधल्या कोणालाही न उघडता दुसऱ्या टोकाला बाहेर पडते, म्हणून ते नाव.

व्यवस्था उत्तम आहे, पण तिची खोट वाचकांच्या लक्षात आली असेलच. दादरच्या माणसाने परळच्या माणसाला लिहिलेले पत्र आधी चिपळूणला जाते आणि मग परळला येते. याला त्रिकोणी मार्ग म्हणतात.

हा त्रिकोण केवळ पुस्तकी नाही. येथील सिमकार्ड घेऊन आपला कोणी नातेवाईक दुबईला जातो आणि तेथे रोमिंगवर इंटरनेट वापरतो. मोबाईल कंपन्यांची पद्धत मोबाईल आयपीहून वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. रोमिंगमधील माहिती बहुतेक वेळा घरच्या कंपनीच्या केंद्रातूनच फिरवली जाते. त्याने दुबईतल्याच एखाद्या दुकानाचे पान उघडले तरी मागणी भारतात येते, येथून दुबईच्या दुकानाकडे जाते आणि उत्तर पुन्हा भारतमार्गे त्याच्या हातातल्या फोनवर येते. परदेशात असताना फोन मंद का वाटतो आणि जाहिराती भारतातल्या का दिसतात, याचे एक कारण हे आहे.

आयपीची सहावी आवृत्ती आली तेव्हा हा त्रिकोण मोडण्याची सोय नियमातच करण्यात आली. जून २००४ चा आरएफसी ३७७५ आणि त्याची जुलै २०११ ची सुधारलेली आवृत्ती आरएफसी ६२७५ यांत ती आहे. फिरता माणूस आता केवळ भावालाच नव्हे, तर पत्र लिहिणाऱ्यालाही आपला नवा पत्ता कळवू शकतो, आणि मग पत्रे थेट येऊ लागतात. पण येथे विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. एखाद्या लबाडाने 'मी अमुक, माझा नवा पत्ता हा' असे खोटेच कळवले तर दुसऱ्याची सर्व पत्रे त्याच्या हाती पडतील. म्हणून एक युक्ती ठेवली आहे. पत्र लिहिणारा दोन वेगळ्या सांकेतिक चिठ्ठ्या पाठवतो, एक घरच्या पत्त्यावर आणि दुसरी नव्या पत्त्यावर. दोन्ही चिठ्ठ्या जोडून जो बरोबर उत्तर देईल तोच खरा. अशा रीतीने मिळालेला विश्वास जास्तीत जास्त ४२० सेकंद म्हणजे सात मिनिटे टिकतो. नंतर पुन्हा परीक्षा.

एक माणूस नव्हे, अख्खे वऱ्हाड

येथपर्यंत एकेका यंत्राची गोष्ट झाली. आता खऱ्या विषयाकडे वळू. आगगाडी, विमान, जहाज किंवा रुग्णवाहिका यांत एकच यंत्र नसते, तर डझनावारी किंवा शेकड्याने यंत्रे असतात आणि ती सर्व एकत्रच हलतात. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांना आपण हलतो आहोत हे समजण्याइतकीही अक्कल दिलेली नसते. तापमान मोजणारे एक छोटे उपकरण मोबाईल आयपीचे नियम कोठून पाळणार?

लग्नाचे वऱ्हाड एसटीने निघाले की प्रत्येक जण घरी निरोप पाठवत बसत नाही. एक कारभारी असतो, तोच 'आम्ही साताऱ्यास पोहोचलो' असे कळवतो. बाकीचे निवांत झोपलेले असतात. जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३९६३ या नियमाने हीच रीत स्वीकारली. विजय देवरापल्ली, र्‍युजी वाकिकावा, अलेक्झांड्रू पेत्रेस्कू आणि पास्कल थुबेर हे त्याचे लेखक. या पद्धतीला नेमो असे छोटे नाव पडले. वाहनात एक मोबाईल राउटर असतो. वाहनातल्या सर्व यंत्रांना कायमच्या एका प्रीफिक्समधील पत्ते दिलेले असतात. वाहन एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत गेले की हा राउटर एकटाच आपल्या होम एजंटला नवा 'मार्फत'चा पत्ता कळवतो. आतल्या यंत्रांना पत्ता बदलावा लागत नाही, चालू संवाद तुटत नाही. एका निरोपात साऱ्या वाहनाचे काम होते. यापेक्षा सुटसुटीत कल्पना सुचणे कठीण आहे, असे माझे मत आहे.

मात्र या सुटसुटीतपणाची किंमत अंतरात मोजावी लागते. नेमोच्या मूळ नियमात थेट वाटेची सोयच ठेवलेली नाही. वाहनात येणारे आणि वाहनातून जाणारे प्रत्येक पॅकेट होम एजंटच्या दारातूनच गेले पाहिजे. एखाद्या जर्मन विमान कंपनीचा होम एजंट फ्रँकफुर्टला आहे असे समजा, आणि विमान मुंबईच्या धावपट्टीवर उभे आहे. प्रवाशाला मुंबईतल्याच एका संगणकाशी बोलायचे आहे. मुंबई ते फ्रँकफुर्ट सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीला ३२ ते ३३ मिलिसेकंद. मागणी जाऊन येणार आणि उत्तरही जाऊन येणार, अशा चार फेऱ्यांचे १३० मिलिसेकंद होतात. शेजारच्या इमारतीतल्या संगणकाशी बोलण्यासाठी! केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, तेव्हा प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागेल. दूरध्वनीच्या बोलण्यात आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यातले ६५ या वळशातच खर्ची पडले.

दुसरी किंमत वजनात आहे. पाकिटात पाकीट घातले की वरच्या पाकिटाचेही वजन वाढते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक पाकिटाचे शीर्षक ४० बाइटचे असते. बोलणे दाबून पाठवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज फक्त २० बाइटमध्ये बसतो. त्यावर नेहमीची शीर्षके चढली की त्याचे ८० बाइट होतात. एक बोगदा आला की १२०, तीन बोगदे आले की २००. म्हणजे २० बाइट आवाजासाठी २०० बाइटचे ओझे. हवेतून माहिती नेणे मुळात महाग, त्यात हा उधळेपणा. शिवाय एका पॅकेटचा कमाल आकार सामान्यतः १,५०० बाइटचा असतो. तीन बोगद्यांत १२० गेले की आतल्या मालाला १,३८० उरतात, आणि काठोकाठ भरलेले पॅकेट वाटेत अडते.

पण तीन बोगदे येतील कोठून? येथे खरी गंमत आहे. समजा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीवर तिचे स्वतःचे फिरते जाळे आहे. बोटीवर चढलेल्या एका मोटारीत मोटारीचे वेगळे जाळे आहे, ते बोटीच्या जाळ्याला जोडले गेले. मोटारीत बसलेल्या माणसाचा फोनही स्वतः मोबाईल आयपी पाळणारा आहे. फोनचा होम एजंट पुण्यात, मोटारीचा चेन्नईत आणि बोटीचा सिंगापुरात. आता या माणसाने अलिबागच्या मित्राला चार शब्द पाठवले. पॅकेट फोनच्या पाकिटात शिरले, ते मोटारीच्या पाकिटात आणि ते बोटीच्या पाकिटात. सर्वांत बाहेरचे पाकीट बोटीचे, म्हणून ते आधी सिंगापूरला गेले. तेथे एक पाकीट फुटले, आत चेन्नईचा पत्ता निघाला. चेन्नईत दुसरे फुटले, आत पुणे. पुण्याला तिसरे फुटले, तेव्हा कोठे अलिबागचा पत्ता दिसला. मांडव्याहून अलिबाग किती दूर आहे, हे रायगडच्या वाचकांना सांगायला नको. पिनबॉल नावाच्या खेळात गोळी जशी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर आपटत जाते तशी पॅकेटची गत होते, म्हणून तज्ज्ञांनी याला पिनबॉल मार्ग असेच नाव दिले. त्याच बोटीवर दहा फुटांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीला निरोप पाठवायचा असला तरी तो असाच समुद्रापार जाऊन येईल. बोटीचा सिंगापूरशी संबंध मधेच तुटला, तर शेजारी शेजारी असूनही दोघांचे बोलणे बंद.

जुलै २००७ मध्ये आरएफसी ४८८८ या दस्तऐवजात या सर्व दुखण्यांची पद्धतशीर यादी करण्यात आली. त्यातले एक दुखणे तर मोठे विनोदी आहे. होम एजंटच जर दुसऱ्या फिरत्या वाहनात बसलेला असेल, आणि ते वाहन फिरत फिरत आपल्याच आश्रिताच्या जाळ्याखाली आले, तर दोघेही एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसतात आणि कोणीच बाहेर पडू शकत नाही. पेटीची किल्ली पेटीतच राहून गेल्यासारखे हे आहे.

त्याच महिन्यात आरएफसी ४८८९ मध्ये उपायांचा विचार झाला. मग जे एकेका यंत्रासाठी जमले तेच वाहनासाठी का केले नाही? कारणे तीन आहेत, आणि ती सारखी वजनदार नाहीत.

पहिले कारण निरोपांचा पूर. ३०० प्रवाशांचे विमान धरा. प्रत्येकाचा फोन सरासरी पाच ठिकाणांशी बोलतो आहे. विमानाने जोडणी बदलली की १,५०० ठिकाणी नवा पत्ता कळवावा लागेल, आणि प्रत्येक ठिकाणची चिठ्ठ्यांची परीक्षा धरून पाच-सहा निरोप. साडेसात ते नऊ हजार निरोप एका क्षणी त्याच अरुंद हवाई मार्गातून जाऊ लागले तर खऱ्या कामाची पॅकेटे कोठून जाणार? वाट जवळची करण्याच्या नादात दारच अडून बसते.

दुसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका यंत्राने 'हा पत्ता माझा' असे म्हटले तर चिठ्ठी पाठवून ते पडताळता येते. पण मोबाईल राउटर म्हणतो, 'हा संपूर्ण प्रीफिक्स माझा.' सहाव्या आवृत्तीत एका प्रीफिक्सखाली अब्जावधी पत्ते असू शकतात. त्यांतल्या एका पत्त्यावर चिठ्ठी पोहोचली म्हणून बाकीचे सर्व त्याचेच, हे कशावरून? एका खोलीचा भाडेकरू उठून सबंध चाळीचे टपाल माझ्याकडे द्या म्हणाला, तर पोस्टमन कागद मागणारच. असा कागद सर्व जगाला मान्य होईल अशा स्वरूपात देणारी सोपी व्यवस्था उभी राहिली नाही, आणि सर्वांसाठी एकच थेट मार्गाचा नियमही झाला नाही.

तिसरे कारण गुप्ततेचे. थेट वाट हवी असेल तर पलीकडच्याला आपला खरा ठावठिकाणा सांगावा लागतो. कोणाला तो सांगावा आणि कोणाला नाही, हे वाहनाच्या राउटरने परस्पर ठरवणे बरे नव्हे. लांबची वाट कधी कधी झाकणाचेही काम करते.

विमानवाल्यांनी काय केले

बोइंग या विमान बनवणाऱ्या कंपनीने मे २००४ मध्ये प्रवाशांसाठी कनेक्शन नावाची इंटरनेट सेवा लुफ्तान्साच्या विमानात सुरू केली. तिच्या अभियंत्यांनी होम एजंटच्या भानगडीत न पडता वेगळाच मार्ग काढला. जगातील मोठी जाळी एकमेकांना 'अमुक प्रीफिक्स माझ्याकडे आहे' असे बीजीपी नावाच्या नियमाने सांगत असतात. बोइंगने प्रत्येक विमानाला २५६ पत्त्यांचा एक गट दिला. विमान ज्या भूकेंद्राच्या उपग्रहाखाली असेल त्या केंद्रातून त्या गटाची दवंडी जगभर पिटायची. विमान युरोपच्या टप्प्यातून अमेरिकेच्या टप्प्यात गेले की युरोपने दवंडी मागे घ्यायची आणि अमेरिकेने सुरू करायची. म्हणजे चिपळूण हलले की देशातल्या सर्व टपाल कार्यालयांचे फलकच बदलायचे. वाट खरोखर जवळची झाली, आतल्या प्रवाशांना काही करावे लागले नाही, बोगदा नाही की जादा वजन नाही.

थोडी विमाने होती तोवर हे शोभले. पण याची झळ कोणाला बसते ते पाहा. एका विमानाची दवंडी बदलली की पृथ्वीवरील असंख्य राउटरांना आपली वही दुरुस्त करावी लागते, त्या विमानाशी त्यांचा सुतराम संबंध नसला तरी. आज या वहीत चौथ्या आवृत्तीच्या सुमारे दहा लाख नोंदी आहेत. हजारो विमाने आणि लाखो मोटारी आपापल्या दवंड्या बदलू लागल्या तर सर्वांचेच काम वाढेल. एकाच्या सोयीचा खर्च सर्वांवर, असा हा हिशेब आहे. बोइंगची ती सेवा मात्र या कारणाने नव्हे, तर धंदा न जमल्यामुळे २००६ च्या अखेरीस बंद झाली.

दुसरा प्रयोग अंतराळात झाला. २७ सप्टेंबर २००३ रोजी सोडलेल्या यूके-डीएमसी या ब्रिटिश उपग्रहावर सिस्को कंपनीचा एक मोबाईल राउटर बसवलेला होता. जून २००४ मध्ये अमेरिकी अंतराळ संस्था नासा आणि इतरांनी जमिनीवरून त्याच्याशी इंटरनेटच्या साध्या नियमांनी संपर्क साधून दाखवला. असा उपग्रह एका भूकेंद्रावरून एका फेरीत जेमतेम दहा-बारा मिनिटे दिसतो. तेवढ्यात निरोप पुरे व्हायला हवेत.

या अनुभवातून ऑक्टोबर २००९ मध्ये आरएफसी ५५२२ तयार झाला. विमान आणि अंतराळयानांसाठी जवळची वाट कशी असावी, याच्या अपेक्षा त्यात लिहिल्या आहेत. वैमानिक आणि हवाई नियंत्रण यांच्यातले बोलणे प्रवाशांच्या चित्रपटांपासून वेगळे काढता आले पाहिजे. कोणत्या माहितीने थेट जावे आणि कोणत्या माहितीने होम एजंटमार्फतच जावे, हे निवडता आले पाहिजे. एक दुवा तुटला तर दुसरा तयार हवा. पहिले पॅकेटही थेट वाट ठरेपर्यंत खोळंबता कामा नये. केवळ जवळची वाट म्हणजे कार्यक्षम वाट नव्हे. कोणासाठी, किती भरवशाची आणि कोणाच्या खर्चाने, हेही त्यात येते.

ज्यांना घरच नाही

आतापर्यंतच्या सर्व व्यवस्थांत कोठे तरी एक घर होते. भूकंपात मनोरे कोसळले, किंवा बचाव पथक जंगलात शिरले, तर घरही नाही आणि भाऊही नाही. तेथे प्रत्येक यंत्रच राउटर होते आणि शेजाऱ्याचे टपाल पुढे पोहोचवते. या क्षेत्रातला एक पायाचा निबंध १९९४ साली चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी लिहिला. हेच भागवत पुढे पुण्यात संशोधन केंद्र असलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीच्या संस्थापकांत होते. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक यंत्र आपल्या वाटांची यादी शेजाऱ्यांना ठराविक वेळाने सांगते आणि प्रत्येक बातमीवर क्रमांक असतो, त्यामुळे शिळी बातमी ताजीला खोडू शकत नाही. २००३ साली दोन भिन्न स्वभावाच्या पद्धती आरएफसी म्हणून आल्या. एओडीव्ही ही गरज पडेल तेव्हाच वाट शोधते. ओएलएसआर वाटा आधीच शोधून ठेवते, पण दवंडी पिटण्याचे काम निवडक शेजाऱ्यांनाच देते, म्हणजे सर्वांनी एकदम ओरडायला नको.

येथेही जवळची वाट फसवी ठरते. दोन यंत्रे लांबून कशीबशी एकमेकांना ऐकतात. दोन पॅकेटांतले एक पोहोचते आणि दोन पोचपावत्यांतली एक परत येते. म्हणजे एक पॅकेट खात्रीने जायला सरासरी चार वेळा पाठवावे लागते. मध्ये एक तिसरे यंत्र घेऊन दोन स्पष्ट ऐकू येणारे टप्पे केले तर दोनदाच पाठवून भागते. टप्पे मोजणारी पद्धत पहिली वाट घेईल, शहाणी पद्धत दुसरी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे गणित मांडले.

सध्या आपल्या हातात जे आहे ते नेमोपेक्षा निराळे आहे. आगगाडीत एखादा विद्यार्थी फोनचे हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडतो, तेव्हा फोन लॅपटॉपला स्वतःच्या पत्त्याआड लपवतो, आणि मोबाईल कंपनी फोनचा पत्ता आपल्या एका केंद्रात खिळवून ठेवते. मनोरे बदलत जातात, बोगद्याचे फक्त बाहेरचे टोक सरकते. म्हणजे भाऊ येथेही आहेच, फक्त तो कंपनीच्या नोकरीत आहे. जुन्या ४जी रचनेत असा भाऊ बहुधा थोड्या मोठ्या शहरांत बसलेला असे. ५जीच्या नियमांत, म्हणजे २०१८ नंतर, त्याला वापरणाऱ्याच्या जवळ बसवण्याची आणि वापरणारा दूर गेला की दुसऱ्या, अधिक जवळच्या भावाकडे सोपवण्याची सोय आहे. भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला.

दुसरीकडून मे २०२१ चा आरएफसी ९००० आला. त्यातील क्विक या नियमाने दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवले. संवादाची ओळख पत्त्यांवर न ठेवता एका स्वतंत्र क्रमांकावर ठेवली. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच, त्यामुळे पलीकडचे यंत्र ओळख विसरत नाही. नवा पत्ता खरा आहे ना, हे पाहण्यासाठी येथेही एक सांकेतिक चिठ्ठी पाठवून उत्तर मागवतात. मोबाईल आयपीतली जुनी युक्ती वेगळ्या कपड्यांत परत आली म्हणायची. मात्र क्विकने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. वाहनातल्या यंत्राने बाहेर संपर्क साधायचा असेल तर ठीक. बाहेरच्याने वाहनातल्या यंत्राला आपणहून हाक मारायची असेल, उदाहरणार्थ रुग्णालयाने धावत्या रुग्णवाहिकेतील उपकरणाला, तर ते सध्या कोठे आहे, हे सांगणारी नोंदवही कोणीतरी ठेवलीच पाहिजे. ओळख आणि ठिकाण हे दोन वेगळे पत्ते करून त्यांची नोंदवही ठेवणारा लिस्प नावाचा नियम ऑक्टोबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०० या क्रमांकाने प्रमाणित झाला आहे.

या विषयात गोडी वाटणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. वर उल्लेखिलेले सर्व आरएफसी इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. भाषा इंग्रजी असली तरी सोपी आहे, आणि आरएफसी ४८८८ पासून सुरुवात केलेली बरी, कारण त्यात उत्तरांपेक्षा प्रश्न अधिक आहेत. एनएस-३ नावाचे सिम्युलेटर फुकट मिळते, त्यात एओडीव्ही, ओएलएसआर आणि १९९४ ची ती पद्धत तयार आहेत. साध्या संगणकावर पन्नास फिरती यंत्रे मांडून त्यांचा वेग वाढवत जावे आणि किती पॅकेटे वाटेत हरवतात ते मोजावे. तेवढेही साधन नसेल तर घरच्या फोनवर ट्रेसराउट हे साधन उतरवून आपल्याच शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळापर्यंतची वाट पाहावी, एकदा मोबाईल डेटावर आणि एकदा वायफायवर. वाटेतले किती राउटर दिसतात आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद लागतात, ते वहीत लिहून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.